दोन ओळींतली पानं : फिसिडेन्स या हरिता-प्रजातीचा आढावा

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायला लागलं की डोंगराच्या अंगाला कापलेली दरड सुरू होते. मे महिन्यात ती तांबडी, भेगाळलेली आणि उघडीबोडकी असते. मृगाचा पाऊस बसला की तिच्यावर हिरवी झाक येते आणि श्रावणापर्यंत ती चांगली दाट होते. येणारा-जाणारा तिला शेवाळ म्हणतो आणि पुढे जातो. जवळ जाऊन पाहिलं तर त्या हिरवळीत निदान तीन निरनिराळ्या जातकुळीच्या वनस्पती निघतात : ओल्या कातळावरची बुळबुळीत शैवालं, मातीला चिकटून पसरणाऱ्या यकृतका, आणि इवलं खोड व इवली पानं असलेल्या हरिता, म्हणजे मॉस. या हरितांतली एक प्रजाती महाड-पोलादपूरकडच्या मातीच्या दरडींवर, पाखाड्यांच्या कडांना, गडग्यांच्या सांदीत आणि ओढ्याकाठच्या दगडांवर सहज सापडते. तिचं नाव फिसिडेन्स.

आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत मॉस म्हणजे फ्युनारिया असंच शिकवलं जातं. फ्युनारियाशी भांडण नाही, पण घाटपायथ्याच्या मुलाला तिचं चित्र पुस्तकात पाहावं लागतं आणि फिसिडेन्स परड्याच्या बांधावर उगवलेली असते. शिवाय वनस्पतींचं वर्गीकरण कसं घडतं, का मोडतं आणि पुन्हा कसं मांडलं जातं हे शिकायला या प्रजातीइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं दिसत नाही. प्रजाती म्हणून ती एका नजरेत ओळखता येते. तिच्यातल्या जाती वेगळ्या काढताना मात्र आयुष्यभर हाच अभ्यास केलेली माणसंही अडतात. या दोन गोष्टी एकाच वनस्पतीत कशा नांदतात, हा या आढाव्याचा विषय आहे.

आधी वनस्पती पाहू. दरडीवरून बोटाच्या नखाएवढा मातीचा पापुद्रा सोडवून घ्यावा आणि दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग डोळ्याजवळ धरावं. प्रत्येक खोड दोन-तीन मिलिमीटरपासून सेंटिमीटरभर उंच असतं आणि पूर्ण चपटं दिसतं, कारण पानं फक्त दोनच ओळींत, एकाच प्रतलात लागलेली असतात. इतर बहुतेक हरितांची पानं खोडाभोवती सगळ्या बाजूंनी फिरत वर चढतात. फिसिडेन्समध्ये एक पान डावीकडे, पुढचं उजवीकडे, असा क्रम शेंड्यापर्यंत चालतो. आता एकच पान सुईच्या टोकाने बाजूला करावं. पानाच्या खालच्या अर्ध्या भागात मध्यशिरेच्या वरच्या अंगाला दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्या मधे खोबण असते. अर्धवट उघडलेल्या पुस्तकात खूण घालून ठेवावी, तसं खोड आणि वरच्या पानाचं बूड या दोन पडद्यांच्या मधे बसलेलं असतं. मध्यशिरेच्या पाठीमागे, उलट बाजूला, आणखी एक उभा पडदा खालपासून वरपर्यंत जातो. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात खोबण संपते आणि एकेरी पातं उरतं. असं पान वनस्पतिसृष्टीत इतरत्र जवळपास कुठेच नाही. म्हणूनच ही प्रजाती एकदा नीट पाहिली की पुन्हा चुकत नाही.

दगा देणाऱ्या वनस्पती दोन-तीनच आहेत. पानं दोन ओळींत असलेल्या काही यकृतका दुरून तशाच चपट्या दिसतात, पण त्यांच्या पानांना मध्यशीर नसते. फिसिडेन्सच्या बहुतेक सर्व जातींत ती ठळक असते. ओल्या कड्यांवर येणाऱ्या, एका पेशीच्या जाडीच्या पानांच्या नाजूक नेच्यांची कोवळी रोपंही फसवतात. त्यांच्या शिरा फाटे फोडतात, मॉसची शीर फाटे फोडत नाही. सेलाजिनेलाचं रोप कोवळं असलं तर क्षणभर विचार करावा लागतो, पण तिच्या पानांच्या चार ओळी असतात, दोन मोठ्या आणि दोन लहान. यापलीकडे घोटाळ्याला फारशी जागा नाही.

या विचित्र पानावर मात्र वनस्पतिशास्त्रात शंभराहून अधिक वर्षं वाद चालला. खरं पान कोणतं? खालचे दोन पडदे की वरचं पातं? रॉबर्ट ब्राउन यांनी, म्हणजे ज्यांच्या नावाने भौतिकशास्त्रात ब्राउनियन गती ओळखली जाते त्यांनी, असं सुचवलं की खोडाला मिठी मारणारा खालचा भाग हेच मूळ पान आहे. पाठीमागचा उभा पडदा आणि वरचं पातं ही त्याची नंतरची वाढ. अर्नेस्ट सामन यांनी १८९९ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ बॉटनी’त या प्रजातीवर लेख लिहून हीच बाजू पुराव्यांनिशी मांडली. पुरावा भिंगाखालीही दिसतो. खोडाच्या अगदी तळाची पानं तपासली तर ती जवळपास फक्त खालच्या पडद्यांचीच बनलेली असतात, पाठीचा पडदा नावालाच असतो. जसजसं वर जावं तसतसा तो वाढत जातो. वादाचा निकाल एखाद्या ग्रंथातच शोधायला हवा असं नाही, तो एकाच खोडावर क्रमाने मांडलेला असतो आणि दरडीवर कोणालाही वाचता येतो. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत हे दाखवलं जात नाही याची मला खंत वाटते.

पानं दोनच ओळींत का येतात, याचं कारण खोडाच्या शेंड्यात आहे. हरितांचं खोड टोकाच्या एकाच पेशीच्या विभाजनाने वाढतं. बहुतेक हरितांत ही पेशी तीन कडांची असते, म्हणून पानं तीन दिशांनी निघतात. फिसिडेन्समध्ये शेंड्याची पेशी दोन कडांची असते. ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे नवी पेशी कापते, आणि प्रत्येक कापलेल्या पेशीपासून एक पान घडतं. कोवळ्या खोडात सुरुवातीला ही पेशी तीन कडांचीच असते आणि पुढे दोन कडांची होते. म्हणजे आजचा चपटा घाट जुन्या, सर्वसाधारण घाटातून निघाला, हे रोपाच्या वाढीतच दिसतं.

आता बोंडाकडे येऊ. पावसाळा उताराला लागला की खोडाच्या टोकाला, किंवा काही जातींत बगलेतल्या बारीक फांदीवर, एक तांबूस दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला राईच्या दाण्याहूनही लहान बोंड धरतं. त्यावर चोचदार झाकण असतं. झाकण गळून पडलं की तोंडाभोवती तांबड्या दातांचं कडं उघडं पडतं. दात सोळा, आणि प्रत्येक दात मध्यापर्यंत चिरून दोन बारीक टोकांत विभागलेला. हवेतला दमटपणा बदलला की हे दात वळतात. भिंगाखाली धरलेल्या बोंडावर हलका श्वास सोडला तरी ते हलताना दिसतात. बीजुकं एकदम सांडू नयेत, थोडी थोडी सुटावीत, हे काम या हालचालीतून होतं. हरितांच्या वर्गीकरणात दातांची रचना फार महत्त्वाची मानतात. दातांचं एकच कडं असलेल्या आणि दोन कडी असलेल्या हरिता ही मोठी विभागणी आहे. फिसिडेन्स एकेरी कड्याच्या बाजूची. पान कितीही निराळं असलं तरी दातांवरून तिचं नातं डायक्रेनम आणि तिच्या सोयऱ्यांशी जुळतं. फिसिडेन्टेसी या तिच्या कुलात आज ही एकच प्रजाती मानली जाते. पूर्वी या कुलाला स्वतंत्र गणाचा मान देत असत. पुढे बहुतेकांनी ते डायक्रेनेलिस गणात घातलं, आणि जनुकीय अभ्यासानेही एकेरी दातांच्या याच मोठ्या शाखेत त्याची जागा दाखवली.

या प्रजातीला नाव दिलं योहान हेडविग यांनी. हेडविग लाइपझिगचे वैद्य होते, आणि हरितांचं प्रजनन सूक्ष्मदर्शकाखाली नीट समजावून सांगणारे ते पहिले अभ्यासक. १७९९ मध्ये ते वारले आणि त्यांचा ‘स्पीशीज मस्कोरम फ्रॉन्डोसोरम’ हा ग्रंथ १८०१ मध्ये निघाला. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांनी स्फॅग्नमचा गट वगळता सर्व हरितांच्या नावांचा आरंभ याच ग्रंथापासून धरायचा, असं ठरवलं. म्हणून फिसिडेन्सचं वय नामकरणाच्या हिशेबात १८०१ पासून मोजतात, जरी या वनस्पती त्याआधीच ठाऊक होत्या. लिनियसने १७५३ मध्ये आज फिसिडेन्स टॅक्सिफोलियस आणि फिसिडेन्स ब्रायॉइडिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती हिप्नम या प्रजातीत घातल्या होत्या. हिप्नम म्हणजे त्या काळी आडव्या, फांद्याळ हरितांचं कोठारच होतं. बाहेरच्या दिसण्यावर लिनियसचा भर होता. बोंडाच्या तोंडाकडे पाहून हेडविगने त्या जाती तिथून उचलल्या आणि वेगळ्या मांडल्या. घाटातल्या एखाद्या वाटाड्याला विचारलं तर तोही आधी दिसण्यावरूनच सांगेल, आणि त्यात वावगं काही नाही. पण दिसणं आणि नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हेडविगने इथे दाखवलं.

पुढची शंभर वर्षं नव्या जातींची रास पडत गेली. युरोपीय वसाहतींमधून नमुने येत होते आणि प्रत्येक बेटाच्या, प्रत्येक डोंगराच्या नमुन्याला नवं नाव मिळत होतं. भारताचा वाटा त्यात मोठा आहे. पेरोते या फ्रेंच संग्राहकाने निलगिरीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून कामिय माँताञ यांनी १८४२ मध्ये फिसिडेन्स अ‍ॅनोमॅलस वर्णिली. त्याच सुमारास विल्यम ग्रिफिथ यांनी फिसिडेन्स नोबिलिस वर्णिली. ही आपल्या दरडीवरच्या जातींच्या मानाने धिप्पाड म्हणावी अशी, काही सेंटिमीटर वाढणारी. १८५९ मध्ये विल्यम मिटन यांचा ‘मस्की इंडिए ओरिएंटॅलिस’ निघाला आणि भारतीय हरितांची पहिली मोठी मांडणी झाली. फिसिडेन्स क्रेन्युलेटस त्यातली.

रास वाढली तशी ती लावून ठेवण्याची गरज पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल म्यूलर आणि त्यांच्यानंतर व्हिक्टर ब्रोथेरस यांनी फिसिडेन्सचे विभाग पाडले. त्यांची मुख्य खूण होती पानाची किनार. काही जातींत पानाच्या कडेने लांबट, फिकट पेशींची रेघ असते. काहींत ती पानभर जाते, काहींत फक्त खालच्या पडद्यांपुरती, काहींत मुळीच नाही. दुसरी खूण पेशींचा पृष्ठभाग : गुळगुळीत, फुगीर की बारीक उंचवट्यांचा. या दोन खुणांवर विभाग पाडणं सोयीचं होतं आणि अजूनही शेतावर, घाटात जाती ओळखताना पहिली पायरी तीच असते. झोलिंगेरी जातीची ठळक, पानभर जाणारी किनार, आणि क्रिस्प्युलसची किनार नसलेली, सुकल्यावर मुरडणारी पानं, हा फरक भिंगानेही कळतो. क्रिस्प्युलसला आणखी एक चांगली खूण आहे. पानं आणि खोड यांच्या बगलेत काचेसारख्या पारदर्शक पेशींच्या गाठी असतात, त्या पाण्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की स्पष्ट दिसतात.

मात्र किनार ही खूण बेभरवशाची निघाली. एकाच जातीच्या बोंड धरलेल्या खोडावर ती ठळक असते आणि वांझ खोडावर पुसट. काही जातींत बोंडाच्या बुडाशी असलेल्या पानांवरच ती असते. सावली, ओल, रोपाचं वय यांनीही फरक पडतो. एका संग्राहकाला वांझ रोप मिळालं, दुसऱ्याला बोंड धरलेलं, की दोन नावं पडत. याचं आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे झिपेलिआनस आणि सिल्व्हॅटिकस. भारतीय जुन्या ग्रंथांतून आणि याद्यांतून या दोन जाती स्वतंत्र दिसतात, आता त्या दोन्ही क्रिस्प्युलस या नावाखाली घेतात. महाराष्ट्रातल्या जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवलं नाही तर एकाच जातीची तीन जातींत मोजणी होते. घाटातल्या हरितांच्या जातिसंख्येचे आकडे सांगणाऱ्यांनी नावांची ही जुळवणी आधी करायला हवी. अशा एकत्रीकरणानंतरही जगभरात फिसिडेन्सच्या साडेचारशेच्या आसपास जाती उरतात. हरितांच्या सर्वांत मोठ्या प्रजातींमध्ये तिची गणना होते.

विसाव्या शतकात अभ्यासकांनी नव्या खुणा शोधल्या. या कामात दोन नावं पुढे आहेत, अमेरिकेतले रोनाल्ड पर्सेल आणि हॉलंडमधल्या ब्रुगमान-नानेंगा. मध्यशिरेच्या आडव्या छेदातली पेशींची मांडणी आणि दातांवरच्या जाड पट्ट्यांची रचना, या दोन खुणा त्यांनी पुढे आणल्या. १९९० मध्ये ब्रुगमान-नानेंगा यांनी सहकाऱ्याबरोबर दातांचे नमुने वेगळे करून दाखवले. २००४ मध्ये पर्सेल आणि त्यांनी मिळून ‘द ब्रायॉलॉजिस्ट’मध्ये संपूर्ण प्रजातीची फेरमांडणी प्रसिद्ध केली आणि तिचे चार उपविभाग केले : पॅकिफिसिडेन्स, फिसिडेन्स, अ‍ॅलोमा आणि ऑक्टोडायसेरस. यातल्या ऑक्टोडायसेरसची गोष्ट वेगळी आहे. वाहत्या पाण्यात बुडून राहणाऱ्या, लांब, लवचिक खोडांच्या जाती ब्रिडेल या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वतंत्र प्रजाती म्हणून काढल्या होत्या. पाण्यात राहून दांडा आखूड झाला, दात खुंटले, रूप बदललं. पान मात्र तेच राहिलं, खोबणीचं. त्यावरूनच त्यांना परत घरी आणलं. मत्स्यालयाच्या दुकानांत फिनिक्स मॉस म्हणून विकली जाते ती याच गटातली फिसिडेन्स फॉन्टॅनस. पुण्या-मुंबईत काचेच्या टाकीत ती पाहणाऱ्याला आपल्या गावच्या दरडीवर तिची भावंडं आहेत हे ठाऊक नसतं. असंच आणखी एक घरी परतलेलं पोर म्हणजे नॅनोब्रियम. एच. एन. डिक्सन या इंग्लंडमधल्या अभ्यासकाने १९२२ मध्ये ती अतिसूक्ष्म वनस्पती वेगळी प्रजाती म्हणून मांडली, तिला वेगळं कुलही मिळालं, आणि शेवटी तीही फिसिडेन्समध्येच आली.

चार उपविभागांची मांडणीही फार काळ टिकली नाही. २०१८ मध्ये सुझुकी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी हरितलवकातल्या जनुकांच्या आधारे वंशवृक्ष काढला आणि तीनच उपविभाग ठेवले : पॅकिफिसिडेन्स, निओअँब्लिओथॅलिया आणि फिसिडेन्स. पाण्यातल्या जातींचा वेगळा उपविभाग गेला. मला या शेवटच्या मांडणीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की सवयीने, निवाऱ्याने आलेलं साम्य तिने बाजूला काढलं. मात्र तिचा दुबळेपणाही सांगायला हवा. जगातल्या शेकडो जातींपैकी ज्यांचे ताजे नमुने अभ्यासकांच्या हाती आले त्यांचीच जनुकं वाचली गेली. पश्चिम घाटातल्या जातींचा वाटा अशा वंशवृक्षांत थोडा असतो. त्यात भर घालायची तर नमुने इथूनच जायला हवेत.

इथून म्हणजे कुठून? महाराष्ट्रातल्या हरितांच्या अभ्यासाचा नकाशा पाहिला तर त्यावर थंड हवेची ठिकाणं ठळक आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत एल. जे. सेज्विक या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यात हरिता गोळा केल्या. इंग्लंडमध्ये बसून एच. एन. डिक्सन इलाख्यातले असे नमुने ओळखत. डिक्सन यांनी कानडा जिल्ह्यातल्या संग्रहावर १९२१ मध्ये ‘जर्नल ऑफ इंडियन बॉटनी’त लिहिलं. त्यानंतर बंगालमध्ये हिरेंद्रचंद्र गांगुली यांनी १९६९ ते १९८० या काळात ‘मॉसेस ऑफ ईस्टर्न इंडिया’ हा आठ भागांचा ग्रंथ सिद्ध केला. तो पूर्व भारताचा असला तरी भारतभरचे विद्यार्थी फिसिडेन्स ओळखायला आजही त्याचीच पानं उघडतात. आपल्या घाटाचा मोठा ग्रंथ म्हणजे जी. टी. दाभाडे यांचा ‘मॉसेस ऑफ खंडाळा अँड महाबळेश्वर’, १९९८ सालचा. महाराष्ट्रातल्या हरितांवर काम करू पाहणाऱ्याने तो हाताशी ठेवावा असा आहे. पण त्याच्या नावातच दोन घाटमाथे आहेत. महाबळेश्वरच्या माथ्यावरून खाली पाहिलं तर जो खोल मुलुख दिसतो, सावित्री ज्यातून उतरते, तो पोलादपूरचा आणि पुढे महाडचा.

हा मुलुख हरितांच्या अभ्यासाला का योग्य आहे ते पाहा. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंच. सावित्री तिथे उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, तिथे गांधारी तिला मिळते, आणि बाणकोटला ती समुद्रात जाते. महाडचा सखल भाग समुद्रसपाटीच्या थोडासाच वर. पोलादपूरपासून माथ्यापर्यंत चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात हजार मीटरहून जास्त चढ. माथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पायथ्याशी तीन हजारांच्या पुढे. खडक सगळा बेसाल्टचा, वरच्या सड्यांवर जांभा, उतारावर तांबडी माती. एवढ्या थोड्या अंतरात ओल, उंची, ऊन आणि माती इतकी बदलते की जातींची वाटणी कशी होते हे पाहायला वेगळ्या प्रवासाची गरज नाही.

ओल टिकून राहते अशा जागा तर पदोपदी आहेत. शिवथर घळीत धबधब्याच्या तुषारांनी कातळ भिजत राहतो. पाल्याजवळच्या गांधारपाले लेण्यांत दगडात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत, त्यांच्या कडांना सावली आणि गारवा असतो. रायगडाच्या पायवाटेवर झिरपणाऱ्या कातळकडा आहेत. पण फिसिडेन्सच्या बारीक जातींचं खरं माहेर या प्रसिद्ध जागांहून साधं आहे : कापलेल्या मातीची उभी कड. आडव्या जमिनीवर पालापाचोळा आणि गवत तिला झाकून टाकतात. उभ्या कडेवर पाचोळा टिकत नाही, गवताचं बी सहज धरत नाही. तिथे मिलिमीटरभर उंचीच्या वनस्पतीलाही प्रकाश मिळतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या, दुपारचं ऊन टाळणाऱ्या कडा तिला अधिक मानवतात. त्याच कडेवर वरच्या अंगाला पोगोनॅटमची जाड, ताठ रोपं दिसतात, झिरपत्या पाण्याजवळ फिलोनोटिसच्या पोपटी गाद्या, आणि सिमेंटच्या मोरीवर हायोफिला. या शेजारांतून फिसिडेन्सची जागा ओळखायची सवय लवकर लागते.

चार महिन्यांच्या पावसात आयुष्य उरकायचं आणि आठ महिने कोरड्यात काढायचे, हा घाटातल्या हरितांचा धर्म आहे. हरितांना पाणी ओढणारी मुळं नसतात, मूलाभ नावाचे तंतू असतात आणि ते मुख्यतः धरून ठेवण्याचं काम करतात. पाणी पानांतूनच आत जातं आणि पानांतूनच निघून जातं. नोव्हेंबरानंतर पानं मुरडतात, रंग तपकिरी होतो, श्वसन जवळजवळ थांबतं. मोठ्या जातींची सुकलेली रोपं पहिल्या पावसात काही वेळात पुन्हा उलगडतात. दरडीवरच्या बारीक जातींपैकी बऱ्याच मात्र खोड गमावतात आणि मातीतले तंतू व बीजुकं यांच्या रूपाने मागे राहतात. जूनमध्ये जी हिरवी झाक प्रथम दिसते ती पानांची नसते, बीजुकांतून निघालेल्या हिरव्या तंतूंची असते. त्यांच्यावर कळ्या धरतात आणि मग खोडं उभी राहतात.

दरडींविषयी लिहिताना २२ जुलै २०२१ टाळून पुढे जाता येत नाही. त्या दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. २००५ च्या जुलैतही महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर हेच संकट आलं होतं. म्हणून एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. हरिता माती धरून ठेवतात हे वाक्य पुस्तकांत असतं आणि ते खरं आहे, पण वरच्या काही मिलिमीटरांपुरतं. पावसाच्या थेंबाचा मार त्या झेलतात, वरचा थर सुटून वाहू देत नाहीत. मीटर-दोन मीटर खोल पाणी मुरून सरकणारा उतार त्या रोखू शकत नाहीत. त्यासाठी खोल मुळांची झाडं, पाण्याचा निचरा आणि धोकादायक उतारांवरून वस्ती हलवणं हेच उपाय आहेत. हरितांच्या प्रेमापोटी त्यांच्या अंगावर नसलेलं सामर्थ्य चढवू नये.

कोसळलेल्या दरडीवर पुढे काय उगवतं हा प्रश्न मात्र त्यांच्याच हद्दीतला आहे. उघड्या पडलेल्या ताज्या मातीवर आधी येणाऱ्यांत फिसिडेन्ससारख्या हरिता असतात. कोणती जात कोणत्या वर्षी येते, शेजारच्या जुन्या कडेवरून येते की मातीत दडलेल्या बीजुकांतून, गवत आलं की ती किती वर्षांत मागे हटते, हे एकाच उतारावर दरवर्षी जाऊन पाहता येईल. २००५ आणि २०२१ च्या दरडींच्या तारखा पक्क्या ठाऊक असल्याने अशा अभ्यासाला लागणारं घड्याळ इथे आयतं आहे. उघड्या मातीचं वय इतकं नेमकं माहीत असणारी जागा सहसा मिळत नाही.

दुसऱ्या बाजूने, रस्ते रुंद होत आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं, कशेडीत बोगदा झाला, घाटरस्त्यांच्या कडा यंत्राने खरवडल्या जातात, काही ठिकाणी त्यांवर सिमेंटचा थर किंवा जाळी बसते. माणसांच्या जिवासाठी ते आवश्यक आहे आणि त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण जुन्या, वीस-तीस वर्षं न हललेल्या मातीच्या कडा कमी होत आहेत. मातीची कड गेली की तिच्यावरची बारीक फिसिडेन्स जाते आणि सिमेंटवर हायोफिलासारख्या कणखर हरिता येतात. त्या कडा झाकल्या जाण्याआधी त्यांवर काय होतं याची नोंद व्हायला हवी, आणि ती नोंद पुण्या-मुंबईच्या संस्थांनी वर्षातून एकदा येऊन करण्यापेक्षा महाड-पोलादपूरच्या विज्ञान महाविद्यालयांतल्या मुलांनी केली तर जास्त खरी होईल. त्यांना ऑगस्टात हिरवी कड आणि ऑक्टोबरात बोंडं, दोन्ही दिसतात.

त्यासाठी खर्च जवळजवळ नाही. दहापटीचं भिंग, चाकूचं पातं, जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना ठेवू नये, तो कुजतो. कागदाच्या पुडीत सावलीत सुकवला की वर्षानुवर्षं टिकतो आणि पाण्याचा थेंब टाकला की पानं पुन्हा उलगडतात, म्हणून तपासणी सवडीने करता येते. बोंड धरलेली रोपं आवर्जून घ्यावीत आणि त्यांबरोबर थोडी वांझही, कारण किनारीची खूण दोन्हींवर ताडून पाहावी लागते. झाकण न गळलेलं निदान एक बोंड आणि दात उघडे पडलेलं एक, असं दोन्ही मिळालं तर उत्तम. काही जातींत नर रोपं अगदी खुजी असतात आणि मादी रोपाच्या बुडाशीच वाढतात, म्हणून बुडाची माती झटकून टाकू नये. पुडीवर तारीख, गावाचं व वाडीचं नाव, उंची, कडेचं तोंड कोणत्या दिशेला, माती की कातळ, आणि दरड किंवा रस्ता कधी कापला गेला हे लिहावं. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाच्या आणि मुंबईतल्या ब्लॅटर हर्बेरियमच्या संग्रहाशी नमुने ताडून पाहता येतात. एका पावसाळ्यात आंबेनळीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत दर शंभर मीटर उंचीला एक कड तपासली, तरी या प्रजातीच्या कोणत्या जाती कुठे थांबतात याचा पहिला उभा छेद हाती येईल, आणि दाभाडे यांच्या महाबळेश्वरच्या यादीला खालून जोडता येईल.